मी होडी नाही

मी मांडवीतल्या नझीरभाईंच्या घरचा काँप्युटर बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, आवाज या आंब्याच्या पेटीतूनच येतोय. माझा मूळचा पत्र्याचा डबा या घरातल्या मोठ्या माणसांनी जपून जपून सडवला, म्हणून आता पेटीत राहतो. लोक बघतात आणि हसतात. हसा. पण आधी ऐकून घ्या.

माझा जन्म १९९८ सालचा, दुबईतला. एका छोट्या दुकानात एका घाईतल्या माणसाने मला जोडला. त्या काळात मी असातसा नव्हतो. चांगला प्रोसेसर, आवाजाचं वेगळं कार्ड, चित्रांचं वेगळं कार्ड. माझ्यासोबत दुकानदाराने गाड्यांच्या शर्यतीची एक सीडी फुकट दिली. मला वाटलं, वा, आपलं आयुष्य मजेत जाणार.

नझीरभाई तिकडे बंदरावर ट्रेलर चालवायचे. त्यांनी मला दोन ब्लँकेटांत गुंडाळलं, खोक्याला नायलॉनची दोरी बांधली, वर मार्करने नाव लिहिलं आणि रत्नागिरीला आणलं. मोठ्या मुलासाठी, उमेरसाठी. उमेर तेव्हा नववीत होता. "पोरगा काँप्युटर इंजिनीयर होणार," असं त्यांनी सगळ्या मोहल्ल्यात सांगितलं. पोराला तेवढं विचारायचं राहिलं.

हॉलमध्ये टेबलावर मला मांडला. दुसऱ्याच दिवशी अम्मीने, म्हणजे खुर्शीदने, हिरव्या सॅटिनचं कव्हर शिवलं. कडेला लेस. या घरात टीव्हीला कव्हर, फोनला कव्हर, मिक्सरला कव्हर. दुबईच्या डिनर सेटमध्ये आजवर कोणी जेवलेलं नाही. चांगली वस्तू आली की ती वापरायची नसते, ठेवायची असते, हा इथला कायदा. सीडी सील न फोडता कपाटात गेली, डांबरगोळ्यांच्या शेजारी. आणि माझी वायर? तीही कपाटात! कुलपात! म्हणजे मी हॉलमध्ये आणि माझा जीव अम्मीच्या साड्यांखाली.

पाहुणे आले की कव्हर अर्धं वर करायचे. "हा काँप्युटर. दुबईचा." पाहुणे मान डोलवायचे. "चालू करून दाखवा ना." "नको, लाइट फार खातो." कव्हर खाली. संपलं.

उमेरला सांगितलं, दहावी होऊ दे, मग हात लाव. दहावी झाली. मग बारावी होऊ दे. बारावी झाली. मग तो मुंबईला गेला, तिथून दुबईला गेला आणि आज एका गोदामात खोकी मोजतो. माझ्या कीबोर्डला त्याचं बोट एकदाही लागलं नाही. याला म्हणतात मुलाचं भविष्य घडवणं.

धाकटी उझमा तेव्हा दहा-अकरा वर्षांची. एका दुपारी सगळे झोपलेले बघून तिने कव्हराखाली हात घातला आणि माझं बटण दाबलं. कसं सांगू किती बरं वाटलं! पण वायरच नव्हती. ती दाबत राहिली, मी गप्प. तेवढ्यात अम्मी उठली. "काय करत्येस गो? मोडलास तर अब्बा काय म्हणतील? भावाचा आहे तो!" पाठीत धपाटा. पोरीला, मला नव्हे. मला तर कोणी हातही लावत नव्हतं.

आता मुख्य रडगाणं.

या घरात नझीरभाईंचे वडील आहेत. सगळे त्यांना दादा म्हणतात. सारी हयात होडीवर तांडेल म्हणून, होडी हाकण्यात गेली, दाभोळपर्यंतची खाडी न् खाडी पाठ. समुद्राचं सगळं कळतं. अडचण एवढीच, की समुद्राचं कळतं म्हणून आपल्याला सगळंच कळतं असं त्यांना वाटतं, आणि त्यांना तसं वाटतं म्हणून घरातल्या सगळ्यांनाही वाटतं.

पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढतात, माशाचं तेल चोपडतात, वरून माडाची झापं टाकून बांधून ठेवतात. पहिल्याच वर्षी मे महिना संपत आला तसे दादा माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "खारा वारा लाकूड खातो, तिथे हा पत्रा काय टिकतो! याला पण तेल लावा."

कोणीतरी नाही म्हणेल, असं मला वाटलं. एवढं शिकलेलं मोठं खानदान! अम्मीने दुबईला फोन लावला. नझीरभाई पलीकडून म्हणाले, "दादा म्हणतात ना? मग लावा."

लावलं! मुशी माशाच्या लिव्हराचं तेल, फडक्याने, पत्र्यावर, बटणांवर, मागच्या जाळीवर. दादांचा हात मोकळा, तेल फटींतून आत उतरलं. मग वर प्लॅस्टिक, त्यावर पोतं, त्यावर सुतळी. नारळी पौर्णिमेला सोडलं तेव्हा आत घाम सुटल्यासारखं पाणी आणि मोहल्ल्यातली सगळी मांजरं माझ्याभोवती.

हे एकदा नाही झालं. दरवर्षी झालं. हॉलमध्ये वास मारायचा. पाहुणे नाक दाबायचे. अम्मी उदबत्ती लावायची, पण "दादा, पुरे," असं म्हणायची नाही. माझ्या अंगावर तेल साकळून डिंकासारखा थर झाला, खालून पत्रा गंजला. मी मात्र ओरडूही शकत नव्हतो, कारण वायर कपाटात!

२००६ साली नझीरभाई कायमचे परत आले. त्याच महिन्यात उझमाने कॉलेज सोडलं. दुसऱ्या वर्षाला होती.

"कॉलेज सोडलंस? का?"

"काँप्युटर फळ्यावर शिकवतात, अब्बा. लॅबला कुलूप असतं. किल्ली सरांकडे, आणि सर मीटिंगला."

"थोडं सोसायचं असतं. मोठ्यांनी काही विचार करूनच ठेवलेलं असतं."

"हो ना. घरात पण आठ वर्षं एक काँप्युटर विचार करूनच ठेवलाय. वास येतोय बघा."

ओमकार नावाचा एक जण बाजारपेठेजवळ सायबर कॅफे चालवतो. कॉलेज बुडवून उझमा तिथे बसायची आणि मेलेली मशीनं उघडायची. तिला एक गोष्ट कळली होती. माझ्या काळातले गेम नव्या मशीनवर एकतर सुरूच होत नाहीत, नाहीतर गाडी पिसाळल्यासारखी पळते. पोरांना मात्र तेच गेम हवे असतात. जुन्या गेमला जुनंच मशीन लागतं, आणि तसली मशीनं घरोघरी कव्हराखाली कुजत होती. तिला खालची रस्त्याकडची खोली हवी होती, असली मशीनं जिवंत करून पोरांना खेळू द्यायचं दुकान काढायला. त्या खोलीत दादांची फाटकी जाळी आणि तेलाचे डबे.

"त्या डबड्याला आधी जिवंत करून दाखव," नझीरभाई म्हणाले. "मी आणलेली सीडी त्यावर चालली पाहिजे. चालली तर खोलीचं बघू. नाही चालली तर जूनमध्ये गुपचूप कॉलेजला जायचं, आणि परत तोंड उघडायचं नाही."

असा माझ्यावर पोरीचा डाव लागला. आणि माझी अवस्था ही अशी!

तिने मला उघडला. स्क्रू गंजून बसलेले, ते पान्याने तोडले. पॉवर सप्लाय मेलेला. हार्ड डिस्कचा नुसता करकर आवाज. दोन्ही फेकून दिलं. ओमकारच्या अडगळीतून माझ्याच वयाची डिस्क आणली, दुसऱ्या एका मशीनचा पॉवर सप्लाय आणला. मदरबोर्ड टूथब्रशने थिनर लावून घासला. मेमरीच्या आणि कार्डांच्या सोनेरी टोकांवर शाळेतलं खोडरबर चालवलं. मग मला गच्चीवर उन्हात ठेवला. शेजारी सुकट वाळत होती. वासावरून तिला आणि मला वेगळं ओळखणं अवघड होतं.

पत्र्याच्या डब्याची तर चाळण झालेली. उझमाने अंगणातली रिकामी हापूसची पेटी उचलली. फटी असल्यामुळे हवा खेळती राहते. बोर्डाखाली जुन्या स्लीपरचे रबरी तुकडे लावले आणि मला त्यात बसवला. माझं म्हणून काय उरलं? बोर्ड, प्रोसेसर, दोन कार्डं. बाकी सगळे नातेवाईक. पण आठ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या आत हात घातला होता आणि तो तेलकट नव्हता!

रविवारी सकाळी सगळे हॉलमध्ये जमले. अम्मीने कुलूप उघडून वायर दिली, दहा वेळा "सांभाळ गो" म्हणत. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. मी तीनदा किंचाळलो.

"बघ," दादा म्हणाले. "तेल कमी पडलं."

उझमाने त्यांच्याकडे असं बघितलं, की मी मांजर असतो तर पळालो असतो. तिने मेमरीची पट्टी काढली, परत घासली, कट्ट आवाज येईपर्यंत दाबली. बटण. आणि मी उठलो! पडद्यावर अक्षरं धावली. आतला सेल संपल्यामुळे मी तारीख सांगितली एक जानेवारी १९९८.

"चुकीची तारीख दाखवतोय," नझीरभाई म्हणाले.

"चूक कसली? मधली वर्षं त्याला जगायला कुठे दिलीत?" उझमा म्हणाली.

सीडी आली. अम्मी म्हणे, "सील नको फोडू गो, नवीन आहे अजून." उझमाने ते दातांनी फाडलं.

गेम सुरू झाला. गाड्या, डोंगर, लांबलचक रस्ता. नझीरभाई पुढे सरकले. "हो बाजूला," म्हणाले आणि बसले. मग काय सांगू! शर्यत आहे, बाबा, शर्यत! हे आपले कडेकडेने, सावकाश, वळणावर अख्खं अंग वाकवत. मागच्या सगळ्या गाड्या पुढे गेल्या.

"अब्बा, जोरात!"

"गप. मागे माल असतो. यात इंडिकेटर कुठेय गो?"

सर्वांत शेवटी पोचले. घाम पुसला आणि म्हणाले, "परत लाव."

म्हणजे डाव उझमाने जिंकला. खोली मिळायला हवी, नाही का? तिने विचारलं. ते म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी, "बघू." आठवड्याने, "दादांची जाळी आहेत तिथे, कसं सांगायचं? बघू." हा शब्द या घरात कुलपासारखा वापरतात. इकडे कॉलेजची फी भरायची तारीख जवळ आली, आणि नझीरभाई रोज सकाळी माझ्यासमोर बसून ट्रेलर हाकत होते. पोरीचं आयुष्य तिकडे थांबलंय आणि हे इकडे कडेकडेने चाललेत. मला वाटलं, मुद्दाम बंद पडावं. पण पडलो तर तीच हरणार, म्हणून चालत राहिलो.

मग आभाळ आलं. आणि दादा आले. एका हातात डबा, एका हातात फडकं, काखेत सुतळी.

"नझीर, ऊठ. पाऊस येतोय. याला बांधून ठेवायला हवा."

अम्मी हिरवं कव्हर घेऊन तयार. दारात उझमा, ओठ दाबून. फडकं तेलात बुडलं आणि माझ्या पेटीच्या फळीवर टेकलं. मी म्हटलं, संपलं.

नझीरभाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. वळणावर होते.

"दादा, हात लावू नका. चालू आहे."

दादांना नाही म्हणताना या घराने कोणाला ऐकलं नव्हतं. दादा फडकं धरून तसेच उभे. अम्मीच्या हातातलं कव्हर खाली पडलं. नझीरभाईंनी ते पायानेच ओढलं, घडी केली आणि खुर्चीवर बुडाखाली घेतलं.

"आणि खालच्या खोलीतली जाळी आज काढून घ्या. ती खोली उझमाला दिली."

"मग हे तेल?" दादा म्हणाले.

"होडीला लावा."

आता मी खालच्या खोलीत असतो. बाहेर पाऊस कोसळतोय, आत पोरं कीबोर्ड बडवतायत, माझा एक स्पीकर फुटलाय, पेटीच्या फळीवर कोणीतरी पेनाने मिशा काढल्यात. काही दिवसांनी मी जळेनही. जळू दे. चालून चालून जळेन.

घरोघरी हॉलमध्ये आमचे भाऊबंद कव्हराखाली बसलेत. तुमच्याही असेल एखादा. आज घरी जा, कपाटातून त्याची वायर काढा, आणि घरातल्या पोरीला बटण दाबू द्या. मोडला तर मोडला. उझमा आहे.