मागची डावी सीट

"बसवा तिला!" बाबा ओरडला आणि अंगणातली दोन-अडीचशे माणसं एकदम गप्प झाली.

भर दुपार होती. आंबिवलीत, काळुरामशेठच्या तीन मजली घरासमोर, अंगणाच्या मधोमध एक जुनी पांढरी गाडी उभी होती. बॉनेटवर हळद-कुंकू, चारही चाकांखाली लिंबं, इंजिन चालू. दोन बायकांनी एका तरुण बाईचे दंड पकडले, तिला फरफटत आणलं आणि मागच्या डाव्या दारातून आत कोंबलं. ती सीटवर टेकते न टेकते तोच गाडीच्या पोटातून एक घोगरा, लांबलचक हंबरडा उठला. अंगावर काटा यावा असा. मिनिट झालं तरी तो थांबेना. मग इंजिनाने चार आचके दिले आणि गाडी बंद पडली.

"नयन रडला! नयन रडला!" कोणीतरी किंचाळलं. लोकांनी हात जोडले. दोघी-तिघी घुमायला लागल्या.

बायकांनी तिला बाहेर ओढलं तसं रडणं थांबलं. काळुरामशेठने पुन्हा चावी फिरवली. दोन-तीन हिसके, आणि गाडी मुकाट चालू! मग जो जयजयकार झाला, तो पार स्टेशनापर्यंत गेला असेल.

मी तिथे चमत्कार बघायला गेलो नव्हतो. मी गेलो होतो दाराची काच वर-खाली करायच्या मशीनसाठी. मी वर्तक. आयटीआयमध्ये तीस वर्षं मोटार मेकॅनिकची मुलं घडवली आणि आता नौपाड्यात एका एकोणचाळीस वर्षांच्या गाडीची सेवा करत निवृत्तीचे दिवस काढतो. हिचे पार्ट बनायचे बंद होऊन जमाना झाला. साधं एक रबर हवं असलं तरी ठाण्यापासून कल्याणपर्यंतची सगळी भंगारं पालथी घालावी लागतात. कल्याणचा भंगारवाला साईनाथ मला म्हणाला, "सर, तुमच्यासारखीच गाडी आंबिवलीला आहे. भुताची आहे बोलतात. आज उतारा झाला की काढून टाकणार. दुसरा कोणी पोचायच्या आत हात मारा."

म्हणजे गाडी भुताची ठरली तर फायदा माझाच होता. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या गर्दीत शिरल्यावर मी आधी गाडीच्या काचा बघितल्या, त्या बाईकडे नंतर.

तिचा ओठ फाटला होता. एका बाजूचे केस मुठीने उपटलेले. मानेपासून खाली निळे-काळे वळ, आणि उजवा तळहात मळक्या फडक्यात गुंडाळलेला. फडक्यातून पिवळं पाणी पाझरत होतं.

"कोण ही?" मी शेजारच्या धिप्पाड बाईला विचारलं. नुकतंच हिनेच तिला दंडाला धरून आणलं होतं. मंजुळाबाई तिचं नाव.

"शेठची धाकटी सून, कल्पिता. डोंबिवलीची. शेठचा थोरला नयन दीड वर्सामागं याच गारीत हार्ट अटॅकनी गेला. हिचं लगीन होऊन आठ महिने झालं. ही बसली का गारी रडते. दुसरा कोन बसला का नाय रडत."

"मेकॅनिकला दाखवलीत?"

"कोन हात लावतो या गारीला? पार्टच मिलत नाय बोलतान. मग बाबाला बोलावला."

घ्या! मेकॅनिकने हात झटकले, की बाबाचा हात आत शिरलाच.

हा ज्वालाबाबा म्हणजे भगवी लुंगी, डोळ्यांवर गॉगल आणि हातात जुनी क्लच केबल. त्याने आवाज लावला. "भक्तांनो, आत्म्याचं नेटवर्क आहे हे! नयनचा टॉवर या गाडीत आहे, आणि या बाईत बसलेली हडळ आहे जॅमर! अकरा दिवसांपूर्वी मी सीटखाली सिद्ध यंत्र ठेवलं. आधी आत्मा कधीतरी बोलायचा, आता दर वेळी बोलतो. फुल्ल रेंज!"

सपकन केबल तिच्या पाठीवर बसली. "बोल! नयनला तू खाल्लंस!"

"नयनदादा गेले तेव्हा मी या घरात आलेसुद्धा नव्हते!" कल्पिता ओरडली.

इतकं सरळ उत्तर होतं. पण पहिलीतल्या पोराला कळेल ते अडीचशे मोठ्या माणसांतल्या एकालाही कळलं नाही. दुसरा फटका मानेवर बसला आणि तिच्या ब्लाउजवर रक्त उतरलं. तिचा नवरा दिपेश तीन हातांवर उभा होता. तो जमिनीकडे बघत राहिला.

"ऐकत नाही ही," बाबा म्हणाला. "बॉनेट उघडा! काल उजवा हात झाला, आज डावा. हडळ नसेल तर भाजणार नाही."

इंजिनाच्या कुशीला धुराचा पाइप असतो. चालू गाडीत तो इतका तापतो, की पाण्याचा थेंब टाकला तर चर्रकन उडून जातो. त्यावर काल या पोरीचा हात धरला होता! आणि दिपेश आता पुढे होऊन तिचं डावं मनगट पकडत होता. ती पाय रोवून मागे रेटत होती, सासू कमळाबाई तिला पाठीतून ढकलत होती. बोटं पाइपापासून वीतभर उरली होती.

काचेची मशीन गेली खड्ड्यात! मी धावत जाऊन चावी फिरवली आणि गाडी बंद केली.

"कोण रे तू म्हाताऱ्या?" बाबा गरजला.

"गाडीचा डॉक्टर. त्या सीटवर मी बसतो. बघू मला रडते का."

चावी परत फिरवून मी मागच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसलो. बसल्याबरोबर बुडाला काहीतरी सणकन टोचलं, आणि गाडीने हंबरडा फोडला. तोच घोगरा, तोच लांब. आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल, असं मला वाटलं. तीस वर्षं शिकवूनही मी किती भाबडा!

"उडी मारली!" बाबा किंचाळला. "हडळीने म्हाताऱ्यात उडी मारली! धरा त्याला!"

दिपेशने मला कॉलरला धरून बाहेर खेचलं आणि तोंडावर ठोसा दिला. चष्मा उडाला. मी पडलो, तशा कमरेत दोन लाथा बसल्या. तोंडात रक्ताची चव आली, आणि खरं सांगतो, मला भीती वाटली. मारणाऱ्यांना मी कोण, काय केलं, याच्याशी देणंघेणंच नव्हतं.

पण पडल्या पडल्या मला बाबाचंच वाक्य उपयोगी पडलं.

"थांबा!" मी ओरडलो. "बाबा म्हणतायत तेच खरं! हडळ माझ्या अंगात आली ना? मग गाडी आता मोकळी झाली. आता त्या सीटवर काहीही ठेवलं तरी गाडी रडायला नको. बरोबर ना, बाबा?"

हो म्हटलं तरी बाबा अडकणार होता, नाही म्हटलं तरी.

ओट्यावर भंडाऱ्यासाठी आणलेल्या तांदळाच्या गोणी होत्या. "मंजुळाबाई, ती एक गोण उचला आणि माझ्या जागी ठेवा."

तिने बाबाकडे पाहिलं, माझ्या रक्ताळलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि पन्नास किलोची गोण पाठीवर मारली. तिने ती सीटवर आदळली, आणि गाडी ढसाढसा रडायला लागली.

मग मंजुळाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता काय तांदलाचे अंगान हडळ आली का?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कोणी.

"सीट उचलू नका!" कोणी काही म्हणायच्या आतच बाबा ओरडला. "यंत्राला हात लावलात तर घरचा कर्ता मरेल!"

काळुरामशेठचा चेहरा पांढरा पडला. मी म्हणालो, "शेठ, तुम्ही लांब उभे राहा. मी उचलतो. मरायचं तर मी मरेन, तसंही वय झालंय."

दहा नंबरचा पाना माझ्या खिशात कायम असतो. चष्मा शोधून लावला, आणि गाडी बंद करून, गोण उतरवून मी दोन नट काढले आणि सीट उपसून अंगणात ठेवली. खाली हळदीने माखलेला, वहीच्या पानाएवढा तांब्याचा पत्रा होता. त्यावर त्रिशूळ, स्वस्तिक, काय काय कोरलेलं. आणि पत्र्याखालून दोन वायरी गेल्या होत्या.

"शेठ, गाडीला पेट्रोलचा जुना पंप आहे की बदललाय?"

"बदललाय," काळुरामशेठ पुटपुटला. "इंजिनावरचा पंप मिळेना. नयननीच विजेवरचा आणून डिकीत बसवला."

"त्या पंपाची ही पहिली वायर. चावी फिरवली की हिच्यात करंट येतो. आणि ही दुसरी? गाडी मागे घेताना वाजायचा भोंगा होता ना कधी?"

"वाजायचा. मागेच बिघडला, मग बटण काढून टाकलं."

"बटण काढलंत, भोंगा डिकीतच राहिला. गंजला, म्हणून आवाज असा चिरका येतो. सीटची स्प्रिंग मोडली आहे. कोणी बसलं की ती खाली दाबली जायची आणि कधीमधी या दोन साल झिजलेल्या वायरी एकमेकींना टेकवायची. मग पंपाचा करंट भोंग्यात जायचा. बारीक वायरीतून दोघांना करंट पुरत नाही, म्हणून भोंगा रडायचा, पंप उपाशी राहायचा, आणि आत शिल्लक होतं तेवढं पेट्रोल संपलं की इंजिन बंद. उठलात की सगळं ठीक. हे झालं अकरा दिवसांपूर्वीपर्यंतचं. आता हे बघा."

मी वायरी वर धरल्या. दोन्हींची साल एका जागी, अगदी समोरासमोर, ब्लेडने तासून काढली होती. आतली तार चकचकीत, ताजी.

"हे उंदराने केलेलं नाही. बाबाने यंत्र बसवलं तेव्हा साल काढली आणि वर तांब्याचा पत्रा ठेवला. तांब्यातून वीज धावते. म्हणून फुल्ल रेंज!"

मी पत्रा फेकून दिला, वायरींना टेप गुंडाळली आणि सीट परत बसवली. "आता घरातलंच कोणीतरी बसा."

कोणी पुढे येईना. शेवटी कमळाबाई आली आणि त्या कोपऱ्यात बसली. काळुरामशेठने चावी फिरवली. एक मिनिट गेलं, दोन गेली. गाडी शांत चालत राहिली. कमळाबाई मात्र कळवळून उठली.

"आई गं! काय टोचतंय हा?"

"स्प्रिंग," कल्पिता म्हणाली. ती दाराला टेकून जेमतेम उभी होती. "आठ महिने टोचतेय, आई. तुम्हीच म्हणालेलात, ती जागा वाईट आहे, सुनेला बसू दे."

दुसरं कोणी बसलं की गाडी का रडत नव्हती, ते आता सगळ्यांना कळलं. त्या जागेवर दुसरं कोणी कधी बसलंच नव्हतं.

बाबा एव्हाना फाटकाकडे सरकला होता. दिपेशने त्याला लुंगीला धरून पाडला आणि सगळी गर्दी त्याच्यावर तुटून पडली. लाथा, चपला, चाकाखालची लिंबंसुद्धा. गॉगल फुटून काच त्याच्या भुवईत घुसली. काळुरामशेठने तीच क्लच केबल उचलली आणि सपासप ओढायला सुरुवात केली. मी मध्ये पडलो, दोन फटके माझ्या दंडावर बसले. "मरेल तो! पोलिसांना बोलवा!" पण ऐकतंय कोण? मघाशी 'नयन रडला' म्हणणारीच तोंडं आता 'मारा, मारा' म्हणत होती.

"बाबाने मला आज मारलं आणि यंत्र ठेवलं त्या दिवशी!"

कल्पिताचा आवाज फाटला होता, पण पोचला. काळुरामशेठचा हात वरच राहिला.

"दोन दिवस. मधले दहा दिवस तो आलाच नव्हता. ते दहा दिवस ती केबल कोणाच्या हातात होती, मामा? काल माझा हात पाइपावर कोणी धरला, दिपेश? आणि सीट उचलायला किती वेळ लागला, बघितलंत ना सगळ्यांनी?"

केबल काळुरामशेठच्या हातातून गळून पडली. दिपेश तोंड झाकून खाली बसला. मला त्याची दया आली नाही.

पोलीस आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली बाबाला नेलं. कल्पिताने जबाबात बाबाचं नाव दिलं, सासऱ्याचं दिलं, सासूचं दिलं, आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याचंही दिलं. पांढरी गाडी पुरावा म्हणून जप्त झाली. माझी मशीन तिच्यातच राहिली.

मी तिला माझ्या गाडीतून इस्पितळात न्यायला निघालो. ती सवयीने मागचं डावं दार उघडायला लागली.

"बाळ, पुढे बस."

ती पुढे बसली. तिच्या बाजूची काच खाली अडकलेली, वारा भणाणत आत येत होता. मी ओशाळून म्हणालो, "काच वर होत नाही गं, पार्ट मिळत नाहीये."

"राहू दे, सर. बरं वाटतंय." तिने भाजलेला तळहात फडक्यातून सोडवला आणि वाऱ्यावर धरला. डोंबिवलीच्या आईचं नाव घेऊन ती तेव्हा पहिल्यांदा रडली.

वाचकहो, तुमच्या घरातही काहीतरी जुनं असेल. उद्या ते कुरकुरेल, बंद पडेल, भलत्या वेळी वाजेल. कोणी सांगेल, यात अमक्याचा आत्मा आहे, तमकीचा पायगुण आहे. तेव्हा हात जोडू नका आणि कोणावर उगारूही नका. त्या जागी आधी स्वतः बसा. मग सीट उचलून खाली बघा. दोनच नट असतात, आणि दहा नंबरचा पाना लागतो.