चौदा नंबरची खोली

"खोलीचा नंबर सांगा वैनी, म्हंजे आमच्या घरच्यायले हुडकत फिरा लागनार नाई," शेजारच्या विमलताई म्हणाल्या.

"चौदा," स्वयंपाकघरातून सुचित्राबाईंचा आवाज आला. "वरच्या मजल्यावर. जिना चढलं की डाव्या हाताला तिसरी."

बाहेरच्या खोलीत मधुसूदनराव आरसा खिडकीत टेकवून दाढी करत होते. त्यांचा वस्तरा गालावरच थांबला.

"उद्या यायले अमरावतीची ड्युटी लागली," विमलताई नवऱ्याबद्दल सांगत होत्या. "गाडी तिथल्या डेपोत पोचवाची अन् दुसरी घेऊन वापस याचं. मी म्हणलं, संक्रांत तोंडावर आली, चंदूले मायच्या हातचा तिळगूळ भेटून जाईन. पोस्टानं धाडा तं नुसता चुरा होते."

"धाडते ना. तीळ भाजूनच ठेवलेत."

"मी बी थोडे मुरमुऱ्याचे लाडू देतो. होस्टेलात काय, पान्यासारखं वरन खात असन लेकरू."

मधुसूदनरावांनी वस्तरा खाली ठेवला. अर्धा गाल तसाच साबणात राहिला.

चंदू म्हणजे चंद्रशेखर, त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याला जाऊन दोन वर्षं चार महिने झाले होते.

मधुसूदनराव पांढरीपांडे यवतमाळच्या कचेरीत बावीस वर्षं कारकून होते. चंद्रशेखर अमरावतीला कॉलेजात शिकायला होता. गणपतीच्या सुटीत घरी आला तो अंगात ताप घेऊनच आला, एकवीस दिवस अंथरुणावर राहिला आणि परत गेला नाही. त्यानंतर यवतमाळात राहणं दोघांना जड झालं. माणसं वाईट होती म्हणून नव्हे, चांगली होती म्हणून. भाजीवाली वांगी तोलता तोलता डोळ्याला पदर लावी. न्हावी कात्री थांबवून म्हणे, "बाबूजी, पोट्टा सोन्यावानी होता." शाळेतले जुने मास्तर रस्त्यात हात धरून उभे राहत आणि काहीच बोलत नसत. सुचित्राबाईंनी आधी बाजार सोडला, मग हळदीकुंकू सोडलं, शेवटी दारात उभं राहणंही सोडलं. मधुसूदनरावांनी उमरखेडला बदली मागितली.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "पांढरीपांडे, लोक तिथून सुटायला अर्ज करतात. तुम्ही तिथं जायला करून राह्यले?"

"तिकडे शांत आहे साहेब. भाडंही कमी पडतं."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. यवतमाळात दोन खोल्यांना बत्तीस रुपये जात. इथे, जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, तेवढ्याच खोल्या अंगण आणि पेरूच्या झाडासकट बारा रुपयांत मिळाल्या. कापसाच्या जिनिंग कारखान्यांचे भोंगे नव्हते. दुपारी कचेरीतून घरी यावं तर वाटेत माणूस भेटत नसे. आणि जो भेटे, त्याला काही ठाऊक नसे.

येऊन तीन दिवस झाले असतील. मधुसूदनराव अंगणात बाजेची दोरी आवळत होते. शेजारच्या विमलताई विहिरीवर सुचित्राबाईंशी ओळख काढत होत्या. त्यांचे यजमान भगवानराव एस.टी.त ड्रायव्हर, मंडळी मूळची बोरी अरबची. घरात मूलबाळ नव्हतं.

"तुमाले लेकरं किती वो वैनी?" विमलताईंनी विचारलं.

सुचित्राबाईंनी दोर ओढता ओढता सांगितलं, "एक. मुलगा. अमरावतीला शिकतो."

मधुसूदनरावांनी मान वर केली. पण बोलले नाहीत. नवीन गाव, पहिलीच ओळख. पुन्हा तेच पदर आणि तेच हात कशाला सुरू व्हायला हवेत, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी सुचित्राबाईंनी कित्येक महिन्यांनी दुसरी पोळी वाढून घेतली. मग तर त्यांनी तोंड मिटलंच.

आठ दिवसांनी कचेरीत बडेबाबूंनी तोच प्रश्न विचारला तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "इंटरला आहे." जीभ जराही अडखळली नाही. घरी परतताना पाय इतके हलके पडत होते की त्यांची त्यांनाच भीती वाटली.

असा चंदू उमरखेडात मोठा होऊ लागला. दिवाळीत तो नागपूरला मामाकडे गेला. परीक्षेच्या दिवसांत विमलताईंनी त्याच्यासाठी मारोतीला नारळ फोडला. जूनमध्ये तो पास झाला आणि मधुसूदनरावांनी बाजारातून अर्धा शेर पेढे आणले. "सेकंड क्लास मिळाला," सुचित्राबाई विमलताईंना म्हणाल्या. खोट्यातसुद्धा त्यांनी पोराला त्याच्या वकुबापलीकडचे मार्क दिले नव्हते.

सुचित्राबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला होता असं मुळीच नाही. महिना कसा काढायचा, कोणत्या भाजीला किती तेल, सगळं नीट होतं. भाद्रपदातल्या त्या तिथीला त्या दिवसभर उपाशी राहत आणि विमलताईंना सांगत, पोटात बरं नाही. पण नवराबायकोत चंदूचं नाव निघत नसे. चंदू जगत होता तो भिंतीपलीकडे. अलीकडे तो नव्हता.

आता मात्र भगवानराव खरोखरच जिना चढून डाव्या हाताची तिसरी खोली ठोठावणार होते.

संध्याकाळी पाक चुलीवर होता. मधुसूदनराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सुचित्रा, भगवानराव खरंच जातील तिथं."

"जातील की. शब्दाचे पक्के आहेत ते."

"त्या खोलीत आता दुसरंच कोणी असेल."

सुचित्राबाईंनी हात पाण्यात बुडवले आणि गरम तिळगुळाचा गोळा उचलला. एकेक लाडू वळून ताटात ठेवू लागल्या. बोटं लाल झाली होती.

"नंबर तरी दुसरा सांगायचास," ते हळूच म्हणाले.

"त्याची खोली चौदाच आहे," त्या म्हणाल्या. "पाक घट्ट होऊन राह्यला. तो डबा द्या इकडे."

त्यांनी डबा दिला.

सकाळी साडेसहाची गाडी. मधुसूदनराव सहाला स्टँडवर पोहोचले. थंडी चांगलीच होती. चहाच्या टपरीभोवती लोक कांबळी पांघरून बसले होते. भगवानराव बॉनेट उघडून इंजिनात डब्यानं पाणी ओतत होते. तिळगुळाचा डबा फडक्यात बांधून त्यांनी आपल्या सीटशेजारी ठेवला होता.

"या बाबूसाहेब! पोराले चिठ्ठी देता काय?"

रात्रभर जुळवलेलं वाक्य मधुसूदनरावांना आठवेना. "भगवानराव, तिथं जाऊ नका."

"काहून? पोराले काही झालं का?"

"तो तिथं नाही."

"खोली बदलली? मंग नवा पत्ता द्या ना. मले रात्री तिथंच मुक्काम हाय. वेळच वेळ हाय."

"नवा पत्ता नाही हो. तो..." मधुसूदनरावांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "तो यवतमाळलाच गेला. आम्ही इकडे यायच्या आधी. तापानं."

भगवानराव पाणी ओततच राहिले. इंजिन भरून पाणी बाहेर वाहू लागलं, त्यांच्या बुटांवर पडू लागलं, तेव्हा कुठे त्यांनी डबा सरळ केला.

"अन् ते पेढे?"

"मीच आणले होते."

भगवानरावांनी पाण्याचा डबा खाली ठेवला. बॉनेट लावलं, फडक्याला हात पुसले, एकेक बोट पुसलं. मधुसूदनराव घाईघाईनं म्हणाले, "तुम्ही परत आल्यावर सांगा, वेळ झाला नाही. डबा वाटेत कुणाही गरिबाला देऊन टाका. माझी एवढीच विनंती आहे. विमलताईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. त्यांनी नारळ फोडला होता. मला सगळं समजतं भगवानराव, पण..."

"बाबूसाहेब," भगवानराव म्हणाले, "पंधरा वर्षं झाले गाडी हाकून राह्यलो. कोनाची दिलेली वस्तू म्या वाटेत टाकली नाई."

कंडक्टरनं घंटी मारली. भगवानराव वर चढले. गाडी पुसदच्या रस्त्याला लागेपर्यंत मधुसूदनराव तिथेच उभे होते.

पुढचे दोन दिवस त्यांना फार वाईट गेले. कचेरीत त्यांनी एका अर्जावर सरलेलं १९६० साल घातलं आणि बडेबाबू हसले. घरी सुचित्राबाई काही विचारत नव्हत्या, मात्र कामं आटोपली की अंगणाच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहत. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहून मधुसूदनरावांना वाटे, आपण हे काय केलं? एवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती, तीच आपण काढून घेतली. आता पुन्हा अर्ज करायचा का? कुठे? याच्या पलीकडे पैनगंगा, तिच्या पलीकडे दुसरा मुलूख. माणूस किती दक्षिणेला जाणार?

तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी भगवानराव आले. अंगावर खाकी तशीच, हातात रिकामा डबा. मागे विमलताई. त्यांचे डोळे सुजले होते आणि त्या वर पाहत नव्हत्या. मधुसूदनरावांना कळलं, त्यांना सांगून झालं आहे.

सुचित्राबाई तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला सारून त्या उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सापडली खोली?"

भगवानरावांनी मधुसूदनरावांकडे एकदा पाहिलं आणि ते उंबऱ्याशी खालीच बसले.

"सापडली वैनी. तुमी सांगतली तशीच. जिना चढलो, डाव्या हाताले तिसरी. दोन पोरं होते. एक दारव्ह्याकडचा, एक अचलपूरचा. अभ्यास करून राह्यले होते." ते थांबले. डबा उंबऱ्यावर ठेवला. "म्या त्यायले म्हणलं, तुमच्या या खोलीत पहिले एक पोरगा राहे. त्याच्या मायनं तुमाले तिळगूळ धाडला."

पेरूच्या झाडावर पोपट कलकलत होते.

सुचित्राबाई सुपातल्या तांदळाकडे पाहत होत्या. एक खडा त्यांनी चिमटीत धरला होता, तो त्यांनी टाकला नाही.

"खाल्ला त्यांनी?"

"उभ्या उभ्या खाल्ला वैनी. त्या दारव्ह्याच्या पोट्ट्यानं तं डब्याच्या तळाचे तीळ बी बोटानं काढले. मंग डबा धुऊन देला. पाया पडले माह्या. म्हणे, त्या मायले सांगजा."

"गूळ थोडा जास्त झाला होता," सुचित्राबाई म्हणाल्या. "चंदूला इतकं गोड आवडत नसे."

आवडत नसे. ते दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले. दोन वर्षं चार महिन्यांत मधुसूदनरावांनी ते कधी ऐकले नव्हते. स्वतः म्हटलेही नव्हते.

विमलताई पुढे आल्या. आता ही बाई रागानं बोलेल, नारळाचं विचारील, असं मधुसूदनरावांना वाटलं. पण विमलताईंनी सूप उचलून बाजूला ठेवलं, सुचित्राबाईंच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि त्यांच्या चिमटीतला खडा काढून घेतला.

"कसा गेला वो माय?" त्यांनी विचारलं. "मले सांग. पयलेपासून सांग."

आजवरच्या वैनी आज माय झाल्या होत्या.

सुचित्राबाईंनी रिकामी चिमूट पदराला पुसली. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी नुसती कणकण होती. मोदक नको म्हणाला. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल..."

भगवानराव उठून बाहेर झाडाखाली गेले. मधुसूदनरावांना कुठे जावं कळेना. ते स्वयंपाकघरात शिरले. त्यांनी जन्मात चहा केला नव्हता. चुलीत काटक्या सरकवल्या, फुंकणीनं फुंकून डोळे चुरचुरून घेतले, पातेलं ठेवलं. भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता. रडका नव्हता, एका सुरात होता. दुसऱ्या दिवशी अंग तापलं. चौथ्या दिवशी कॉलेजाच्या पुस्तकाचं नाव घेऊन बडबडला. सातव्या रात्री पाणी मागितलं आणि पेला हातात धरता येईना. ते दिवस मधुसूदनरावांनीही काढले होते, पण डॉक्टरकडे धावण्यात, बर्फ आणण्यात, कचेरीत रजेचा अर्ज देण्यात. पेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्या रात्री ते बर्फासाठी बाहेर होते.

चार कप त्यांनी ताटलीत मांडले. चहा फार काळा झाला होता. ताटली घेऊन ते दारापर्यंत आले.

बाहेरच्या खोलीत तापाचा अकरावा दिवस चालला होता. अकराव्या दिवशी ताप थोडा उतरला होता आणि चंदूनं भात मागितला होता. सुचित्राबाई किंचित हसत ते सांगत होत्या, आणि विमलताई हुंकार देत होत्या.

अजून दहा दिवस उरले होते. मधुसूदनराव ताटली धरून दारातच उभे राहिले.