सगळ्यांचा मान दहा

या बाप्पा, असे पुढं सरकून बसा. खांबाला टेकू नका, टेकलं की डोळा लागतो. टाळ जरा मांडीवर ठेवा. आजची गोष्ट देवाची नाही, देवळात पहिल्या रांगेत बसणाऱ्यांची आहे. ऐकता ऐकता त्यात आपलंच तोंड दिसलं तर हसून घ्या. शेजाऱ्याला कोपर मारू नका.

सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला, धाब्यांच्या रांगेत, भूपेंद्र पटलेचं झेरॉक्सचं दुकान होतं. ट्रक गेला की शटर थरथरायचं आणि पासपोर्ट फोटोला बसलेल्या माणसाचा चेहरा हलायचा. आसपासच्या गावांत असा माणूस नव्हता ज्याचा फोटो भूपेंद्रच्या कॉम्प्युटरात नव्हता. आणि गिऱ्हाईक नसलं की हा बाप्या काय करायचा? खेळ बनवायचा. मोबाईलवरचे नाही हो, पुठ्ठ्याचे. पानं, सोंगट्या, पट. घरचे म्हणायचे, "लगन झालं, पोट सुटलं, अन् हा अजून पुठ्ठे कापून राहिला."

पण इंटरनेटवर त्याच्यासारख्यांचा एक गट होता. घरी बनवलेला खेळ तिथं टाकायचा. बाकीच्यांनी तो आपापल्या घरी छापायचा, कात्रीनं कापायचा, खेळायचा आणि मग मोकळ्या मनानं नावं ठेवायची. दोन हजार तेराची धानकापणी झाली आणि भूपेंद्रनं तिथं आपला नवा खेळ टाकला. नाव 'गावसभा'. जो तो कालव्याचं पाणी आपल्या धानाच्या बांधीत आणायला धडपडतो. हातात गावकऱ्यांची पानं. प्रत्येक पानावर एक चेहरा आणि एक आकडा: त्या माणसाचा मान. सभेत ज्याच्या पानांचा मान जास्त, पाणी त्याचं.

चेहरे कुठून आणले? ते तर कॉम्प्युटरात तयारच होते. विचारलं कुणाला? कुणालाच नाही.

एका पानावर मात्र मान होता फक्त एक. ते पान इतवारीचं. देवळात कीर्तन असलं की सतरंजी अंथरणारा आणि सगळे उठून गेले की गुंडाळणारा गोंड म्हातारा. खेळातही त्याचं तेच काम. नियम असा, की इतवारीचं पान कुणीतरी खाली ठेवल्याशिवाय सभा सुरूच होत नाही. बसणार कशावर? त्यामुळे ज्याच्या हाती हे एकवालं पान, त्याच्यापुढं आठ-नऊवाल्यांना हात जोडावे लागायचे: "टाक बाबा, तुझ्या बांधीलाही पाणी देतो."

गटातली माणसं खूश झाली. नागपुरात बँकेत नोकरी करणाऱ्या योगेश्वरीताई त्या गटाच्या मुख्य. त्यांनी लिहिलं, "महिन्याभरानं पुण्यात मेळावा आहे. तुमचा खेळ असाच राहिला तर त्याला एक टेबल नक्की." भूपेंद्रनं ते इतक्यांदा वाचलं की बायकोला पाठ झालं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांचे कागद छापले होते; त्यानं केलेली वस्तू कुणीतरी पहिल्यांदाच मागत होतं.

इथवर सगळं गोड. मग एक दिवस रेशन दुकानदार खुशाल रहांगडाले आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आला आणि प्रिंटरमधून खेळाच्या पानावर त्याचंच तोंड बाहेर पडलं. खाली आकडा: पाच.

"हे पाच कायचे गा?"

भूपेंद्रनं सांगितलं. खुशालनं पान उलटंपालटं केलं. राग आला का? छे! त्यानं विचारलं, "बिसनलालचे किती?"

"चार."

खुशाल हसतच घरी गेला, आणि सांज व्हायच्या आत गावाला कळलं की इंटरनेटवर बिसनलालचे चार आहेत.

बिसनलाल कटरे म्हणजे मंदिर समितीचे अध्यक्ष. त्या आठवड्यात गावात सप्ताह बसला होता. त्या सांजेचं कीर्तन काय सांगू तुम्हाला! महाराजांचा विषय होता मीपणा. पेटीवाल्यानं सूर धरला, मृदंग असा बोलला की छातीत घुमला. महाराज म्हणाले, "अरे, या देहावर पाटी कसली लावतोस? मालक वर बसलाय!" अख्खा मांडव रडला. बिसनलाल तर उपरण्यात तोंड घालून रडले. ते रडणं खोटं नव्हतं, बरं का. कीर्तनात माणूस खोटं रडत नाही. फक्त ते मांडवाबाहेर टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी बिसनलाल शटरपुढं उभे. हातात चिन्नोर तांदळाची पिशवी.

"भूपेंद्र, मी मानापानाचा भुका नाही. कालच आयकलं ना महाराजांचं. पन समितीचा अध्यक्ष चार, अन् तो घासलेटात पानी टाकनारा पाच? लोक काय म्हनतीन? माहं नाही, देवाचं नाव खराब होऊन राहिलं."

"काकाजी, खेळ हाये तो."

"मंग खेळात दहा लिहाले तुले काय होते?"

दहा केले. तांदूळ वासाचा होता. तासाभरानं खुशाल आला, "मले नऊ पुरते," म्हणाला आणि दहा करून गेला. मग बचत गटाच्या अध्यक्ष दुर्गेश्वरीबाई आल्या. "भाऊ, मी मागायले नाही आली. फक्त इचारते, बायांले कमी मान देनं शोभते का?" दहा. सरपंच आले, माजी सरपंच आले, माजी सरपंचांना पाडणारे आले. शेवटी महाराजांचा शिष्य आला, खांद्यावर वीणा. "महाराज स्वतः काही म्हणत नाहीत. त्यांना याचं काय! पण गावाचे दहा असतील तर महाराजांचे अकरा शोभतील." अकरा.

रोज सांजेला भूपेंद्र गटात नवी फाईल टाकायचा. तिकडं लोक रोज नव्यानं छापायचे आणि रोज नव्यानं कापायचे. बिचाऱ्यांच्या कात्र्या बोथट झाल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण बिसनलाल सगळी पानं पाहायला परत आले. आपलं दहावालं पान प्रेमानं न्याहाळलं, आणि बोट इतवारीवर थांबलं.

"हा एकवाला आमच्या मंधात काऊन बसवला? समद्या संचाची शोभा जाऊन राहिली. काढ."

"काकाजी, याच्याबिगर सभा सुरू होत नाही."

"आम्ही समदे दहावाले बसलो अन् सभा सुरू होनार नाही?"

दुकानासमोरून ट्रक गेला, शटर थरथरलं. गावाचीच गिऱ्हाइकी होती. त्यानं इतवारीचं पान काढलं.

चार दिवसांनी योगेश्वरीताईंचा निरोप आला. "आम्ही नवीन संच मांडून बसलो. नियमात लिहिलंय, सतरंजी अंथरल्याशिवाय सभा नाही. अंथरणारा कुठाय? सुरूच होईना. मग तो नियम सोडून खेळलो, तर सगळे दहा. कुणाला कुणाची गरजच नाही. महाराजांचं पान ज्याला मिळालं तो जिंकला आणि आम्ही झोपायला गेलो. भूपेंद्रभाऊ, हा खेळ टेबलावर ठेवता येणार नाही. पहिल्यासारखा करा."

पहिल्यासारखा करा! म्हणजे बिसनलाल परत चार, खुशाल परत पाच. भूपेंद्रनं फाईल उघडली. कर्सर बिसनलालच्या दहावर नेला. पुसायचं बटण दाबायला बोट उचललं, आणि तांदळाचा वास आठवला. फाईल बंद केली. तीनदा उघडली, तीनदा बंद केली. मेळाव्याच्या आठवडाभर आधी त्यानं लिहिलं, "ताई, मले जमत नाही. टेबल दुसऱ्याले द्या."

उत्तर लगेच आलं. "जमलं नाही तरी या. पहिल्या दिवशीची फाईल मी छापून कापून ठेवलीय. एकदा वाटलात ना, आता तो एकट्या तुमचा कुठे राहिला?"

पुण्यात हॉलच्या कोपऱ्यात, पंख्याखाली ते टेबल होतं. चार अनोळखी पोरंपोरी खेळत होती. भूपेंद्र मागं उभा राहून ऐकत होता.

"इतवारी कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. तुझे दोन आठवाले दे, मग टाकते."

"एवढ्याशा पानाचे दोन आठवाले?"

"नको असेल तर बसा उभेच!"

हशा पिकला. दिवसभर त्या टेबलावर भांडण चाललं ते एकाच पानावरून. बिसनलालचं चारवालं पान कुणीतरी चहाच्या कपाखाली ठेवलं होतं.

भूपेंद्र गावी परतला तेव्हा देवळात सप्ताहाच्या हिशेबाची बैठक होती. सगळ्यांनी एकच विचारलं, "माहे किती दिसत होते तेथी?"

"दहा," भूपेंद्रनं प्रत्येकाला सांगितलं. महाराजांच्या शिष्याला अकरा. प्रत्येकजण समाधानानं दुसऱ्याकडं पाहत बसला. खेळ कसा झाला, हे कुणी विचारलं नाही.

बैठक संपली. इतवारी सतरंजीच्या कडेला उभा होता. सगळे उठायची वाट बघत. भूपेंद्र त्याच्याजवळ गेला. मोठी देणगी द्यायला आल्यासारखा म्हणाला, "इतवारी, पुण्यात समदे तुह्यासाठीच भांडून राहिले होते. आपल्या खेळात तुहं पान हाये ना, त्याच्यासाठी."

"माहं पान?"

भूपेंद्रनं खिशातून पुण्याचा संच काढून त्याच्या हातात दिला, वर त्याचंच पान. इतवारीनं ते डोळ्यांपासून लांब धरलं.

"हा तं माहा दाव्याचा फोटो हाये. जंगलातल्या जमिनीच्या सरकारी पट्ट्यासाठी काढला होता." तो बराच वेळ बघत राहिला. "फोटो पुन्याच्या टेबलावर जाऊन आला. दावा कोन्त्या टेबलावर पडून हाये, कोनाले ठावूक. मले इचारलं होतं का गा?"

"नाही."

"त्याइले इचारलं?"

"त्याइलेबी नाही. ते सोताच आले. आकडा वाढवून मागाले." भूपेंद्र घाईनं म्हणाला, "तुहाबी वाढवतो. एक हाये. किती करू?"

इतवारीनं बाकीची पानं चाळली आणि संच परत केला. "एक राहू दे. काम तं तेच करा लागते. पन त्याइचं समद्याइचं आडनाव लिवलं, माहं काऊन नाही लिवलं?"

भूपेंद्रनं पानं पाहिली. श्री. बिसनलालजी कटरे. श्री. खुशालजी रहांगडाले. सौ. दुर्गेश्वरीताई बिसेन. आणि हे: इतवारी. त्याला आडनाव आठवेना. फोटो त्यानंच काढला होता, दाव्याचा कागदही त्यानंच छापला होता, आणि आठवेना.

"मडावी," म्हातारा म्हणाला. "आता सरक तिकडं. सतरंजीवर उभा हायेस."

भूपेंद्र सरकला. त्या सांजेला गटात एक शेवटची फाईल गेली. बिसनलाल चार, खुशाल पाच, महाराज सहा, आणि एकवाल्या पानावर पूर्ण नाव. दुसऱ्या दिवशी ते कळलं तसं गावानं झेरॉक्स दुसऱ्या दुकानातून काढायला सुरुवात केली, ती अजून तिथूनच काढतात.

झालं बाप्पा. आता उठाल, अंग झाडाल, प्रसादाला धावाल. धावा. पण जिच्यावर एवढा वेळ बसलात ती सतरंजी कुणीतरी अंथरली होती. जाताना एवढं करा, त्याचं नाव घ्या. पूर्ण घ्या: इतवारी मडावी.