पाथ सोडताना

मनगट

मंगलच्या मनगटावरचं घड्याळ वेळ कमी सांगायचं आणि लघवीला जास्त पाठवायचं. लेकीनं, शेफालीनं, पुण्याहून आणून बांधलेलं. दर दीड तासानं थरथरायचं. थरथरलं की उठायचं, कळ असो नसो. महिनाभर साडी भिजली नव्हती.

मागच्या साली इर्जिकीत भात लावताना ती सारखी बांधाकडं पळत होती. म्हणून यंदा, खाचर जिचं ती बनाबाई आधीच म्हणाली, "मंगल, तू आपली घरी भाकरी थाप."

इर्जिक म्हणजे आज हिच्या रानात, उद्या तिच्या. भाकरीला बसवली ती बाई ओळीतनं गेली. म्हातारीत जमा.

मंगलनं मनगट दाखवलं. "आता हे हाय. पळायची न्हाई मी."

"बघू," बनाबाई म्हणाली.

पाय

विंझरच्या ओढ्याकाठी गुडघाभर चिखल. बाया ओळीनं वाकलेल्या, हातात रोपांची मूठ, पाऊल मागं, मागं. जिची तिची हातभर रुंदीची पाथ. एक थांबली की ओळ वाकडी, आणि बांधावर ढोल वाजवणारा चिमाजी तिच्या नावानं ओरडणार, ठरलेलं.

ओटीपोट

कळ आली. मंगलनं मनगट पाहिलं. घड्याळ गप्प.

म्हणजे वेळ झाली नाही. म्हणजे ही कळ खोटी. रोप. रोप. पाऊल मागं.

पुण्याच्या दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, कळ आली की पळायचं नाही. उभं राहायचं, खालनं आवळायचं, सोडायचं, परत आवळायचं. कळ ओसरली की चालत जायचं. घड्याळ नुसतं सवय लावायला. मंगलनं त्यातलं घड्याळ तेवढं घेतलं. बाकीची कटकट कशाला, घड्याळ आहे की.

पुन्हा कळ. मांड्या एकमेकींना चिकटल्या. न्याहारीची पाटी येऊन परत गेली त्याला किती वेळ झाला? तिनं काच अंगठ्यानं पुसली. गजर बंद केला, असं तिथं लिहिलेलं. तिनं नव्हता केला. काचेवर चिखलाचं पाणी बोटासारखं फिरत होतं, त्यानंच दाबला असणार. घड्याळ थरथरलंही असेल. ढोलानं तर दातसुद्धा थरथरत होते.

इथंच सोडलं तर?

कुणाला कळणार. कमरेपर्यंत सगळ्याच भिजलेल्या.

पण सकाळी याच खाचरात नारळ फुटला होता, बनाबाईनं हात जोडून पहिलं रोप टोचलं होतं. सोडलं तर उद्या भात वर येईल आणि मंगलला एवढी एकच पाथ दिसत राहील. नको. मग कुठं? बांध लांब. पळाली तर वाटेतच.

तोंड

"थांबलीस का गं?" शेजारच्या पाथेतनं सगुणाबाई.

"कळ आलीया."

"घड्याळ काय म्हनतंय?"

"त्याला काय ठावं माझ्या पोटातलं."

"मग पळ की."

"पळलं की हुतं. उभी ऱ्हाऊ दे जरा."

वाकलेल्या ओळीत ती एकटी सरळ. चिमाजीनं ढोल वाढवला, "मंगलाबाय दमलीऽ." दमू दे. आवळलं. सोडलं. नेमकं कुठं दुखतंय? महिनाभर त्या जागेला तिनं विचारलंच नव्हतं. आवळलं. कळ चढली, अजून चढली, आणि मग उकळतं दूध आच काढल्यावर बसतं तशी खाली बसायला लागली. पुरती नाही. चालण्याइतकी.

ती निघाली. चालत. चिखल एकेक पाय सोडेना.

"निघाली का?" बनाबाई.

"जाऊन येते. माझी पाथ कुनी घ्यायची न्हाई."

इर्जिकीत असं कुणी म्हणत नाही; एक गेली की तिची पाथ शेजारणी भरतात.

करवंदीच्या जाळीआड

बसली. साडी ओली होती, पण चिखलानंच.

घड्याळ पुसून, गजर परत लावून तिनं ते पोलक्यात खोचलं. तिथं पाणी पोचत नाही आणि ढोलही कमी. वाजलं तर वाजलं. मधेमधे आपणही पोटाला विचारायचं.

ओळ

ओळ मागं सरकली होती. दोन्हीकडं हिरवं आणि मधे मंगलची पाथ तशीच मोकळी, पडलेल्या दातासारखी. बनाबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"भर आता पळत."

"पळायची न्हाई म्हनलं हुतं ना. चालत भरते."

बनाबाई बोलायला तोंड उघडणार, तोवर सगुणाबाईनं आपली रोपांची मूठ तिच्या हातात कोंबली. "धर गं जरा. मी सकाळधरनं दाबून हाय," म्हणत ती जाळीकडं पळत सुटली.

बनाबाई मूठ धरून उभी राहिली. मग वाकली, आणि सगुणाबाईच्या पाथेत रोप टोचलं.