तोच ब्रेड

ब्रेडवरून घरात रणं माजतात, असं लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर जान्हवी हसली असती. बार्शीच्या माणसांना सकाळी ब्रेड लागतो हेच मुळात अजब. पण सासरे, म्हणजे अप्पा, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी डेपोच्या कॅन्टीनमधल्या चहा-ब्रेडवर काढलेली, आणि ते व्यसन त्यांनी आधी मुलाला आणि मग नातीला लावलं. नवऱ्याने, शैलेशने, पुण्याजवळ चांदे गावात फ्लॅट घेतला, आई-अप्पा बार्शीचं घर बंद करून कायमचे इकडे आले, आणि शेजारच्या नांदे गावातल्या बेकरीचा पांढराशुभ्र, मऊ ब्रेड टेबलावर ठाण मांडून बसला.

मग शैलेशच्या कंपनीतल्या तपासणीत त्याच्या लिव्हरवर चरबी निघाली. मुलीला, मृण्मयीला, शाळेच्या व्हॅनमधली मुलं 'डबल डेकर' म्हणू लागली आणि पोरगी डबा तसाच परत आणू लागली. जान्हवीने पदर खोचला. ती हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचाच पगार घ्यायची. ब्रेडचं पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचणं तिला काय जड होतं.

पहिला आणला तो ब्राऊन. मृण्मयी म्हणाली, पुठ्ठा. नीट वाचल्यावर कळलं की तो नुसता रंगाने ब्राऊन आहे, आत मैदा तोच. दुसरा सतरा धान्यांचा, बियाच बिया, आणि कॅलरी साध्या ब्रेडपेक्षा जास्त. त्यातली एक बी अप्पांच्या कवळीखाली गेली, तेव्हा त्यांनी "हे चिमण्यांना घाला" म्हणून बशी सरकवली. तिसरा अगदी पातळ कापलेला. शैलेशने दोनाच्या जागी पाच स्लाइस हाणले. चौथा मॉलमधला, महागडा, त्याला आंबूस वास. सासूबाईंनी, आशालताबाईंनी, तो नाकाशी नेला आणि परत ठेवला. आईंचं नाक म्हणजे घरातलं सुप्रीम कोर्ट होतं.

शेवटी बी विंगमधली स्वरदा भेटली. घरीच भट्टी लावून ऑर्डरी घ्यायची. तिने कोंडा, जवस आणि कसलंकसलं पीठ मिसळून एक लादी करून दिली. मैदा नावापुरता. कॅलरी निम्म्या, पिष्ट, म्हणजे कार्ब्स, निम्म्याहून कमी. आणि तरीही पांढरी, मऊ, दाबली की परत वर येणारी. जान्हवीने खाऊन पाहिली आणि तिला खरंच भरून आलं.

पण 'डाएट' हा शब्द ऐकला की हे घर संपावर जातं हे तिला चार वेळा कळून चुकलं होतं. म्हणून तिने काय केलं, तर नांद्याच्या बेकरीची प्लास्टिकची पिशवी धुऊन, फ्रिजमागे वाळवून, त्यात स्वरदाचे स्लाइस भरले. वर तीच लाल चिकटपट्टी लावली. सकाळी सगळे बसले. मृण्मयीने दोन खाल्ले. शैलेश म्हणाला, "आज ब्रेड ताजा दिसतोय." आईंनी स्लाइस नाकाशी नेला, मान डोलावली आणि अप्पांच्या बशीत दोन ठेवले. अप्पांनी चहात बुडवून खाल्ले आणि मिशी पुसत म्हणाले, "बेकरीवाला सुधारला."

इतक्या वर्षांत ह्या टेबलावर सगळ्यांना एकदम आवडलेली तिची ही पहिलीच गोष्ट होती. ती दिवसभर मनातल्या मनात हसत होती. त्यात काय चुकलं तिचं? काही नाही, असंच कुणीही म्हणालं असतं.

अप्पांना रोज सकाळी नाश्त्याआधी इन्सुलिनचं इंजेक्शन असायचं. ते द्यायचं काम आईंचं. पोटाची कातडी चिमटीत धरून, तोंडाने काहीतरी पुटपुटत त्या टोचायच्या, आणि मग मोजून दोन स्लाइस पुढे ठेवायच्या. एक कमी नको, एक जास्त नको. डॉक्टरांनी कित्येक महिने वर-खाली करून तो डोस बसवला होता आणि आईंना बजावलं होतं की आता नाश्ता हलवायचा नाही. हे सांगितलं तेव्हा जान्हवी ऑफिसात होती. तिला वाटायचं, हा आईंचा नेहमीचा कडक कारभार, दुसरं काय.

पंधरवड्यात शैलेशचा पट्टा एक भोक आत गेला. अप्पांची उपाशीपोटीची साखर आई दर सोमवारी तपासायच्या, तीही झकास यायला लागली. जान्हवीला वाटलं, आपण ह्या घराचं भलं करून ठेवलं.

अप्पा नाश्ता झाला की चालत चौकात जायचे. तिथे रामदासची चहाची टपरी. रामदास चांद्याचाच, वडिलोपार्जित शेतावर आता टॉवर उभे राहिले आणि त्या टॉवरांच्या मजुरांना हा चहा विकायचा. टपरीसमोरच्या बाकावर अप्पा बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पीएमटीच्या बसगाड्यांना वेळेवरून शिव्या घालायचे.

त्या दिवशी जान्हवी घरून काम करत होती. साडेअकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात रामदास, त्याच्या खांद्यावर हात टाकून अप्पा, शर्ट घामाने चिकटलेला.

"ताई, आप्पांना घिऊन आलोय," रामदास म्हणाला. "बसल्या बसल्या घाम फुटला, हात थरथराया लागलं. मला वळखंना. येष्टीची पाटी कुटं लावली म्हनत हुतं. म्या च्यात दोन चमचं साखर जादा घालून पाजली, तवा कुटं मानूस जाग्यावर आलं."

जान्हवीच्या अंगाचा तिळपापड झाला. "साखर? अहो रामदासभाऊ, त्यांना डायबेटिस आहे. विष पाजताय तुम्ही त्यांना. पुन्हा कधी साखरेचा चहा देऊ नका, सांगून ठेवते."

रामदास वरमला. "मला न्हाई कळलं, ताई. आता न्हाई देनार."

अप्पा सोफ्यावर बसून होते. जेवण झालं आणि ते अगदी पहिल्यासारखे झाले. आई म्हणाल्या ऊन लागलं असेल.

पण ते तसं एकदाच झालं नाही. सकाळ सरत आली की अप्पा बदलायचे. वॉचमनवर धावून गेले. एकदा चुकून सी विंगमध्ये दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावत उभे राहिले. आईंना, ज्या बाईशी पन्नास वर्षं संसार केला तिला, "बाई, तुमची गाडी कोणती?" म्हणून विचारलं. आणि दुपारी जेवले की सगळं ठीक. सोमवारची साखर झकास येत होती, म्हणून साखरेचा संशय कुणालाच आला नाही. शैलेशला तर वाटायला लागलं की म्हातारा नाटक करतो. मग त्याने मोबाईलवर शोधलं आणि रात्री जान्हवीला म्हणाला, "सुरुवात अशीच होते गं. विसरायला लागतात माणसं. पुढच्या महिन्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

मृण्मयीचा आजोबांबरोबर एक खेळ होता. तिने गाव सांगायचं, अप्पांनी बार्शीहून तिथे जाणारी गाडी आणि तिची वेळ सांगायची. तुळजापूर, करमाळा, परांडा. अप्पांनी तो खेळ आपणहून बंद केला. "आजोबांना कंटाळा आलाय," म्हणाले. कंटाळा नव्हता. नातीसमोर चुकायची भीती वाटत होती त्यांना, आणि ते जान्हवीला दिसत होतं.

एका संध्याकाळी ती भाजी चिरत असताना ते स्वयंपाकघरात आले. ओट्याशी उभे राहिले.

"पोरी, एक विचारू? सकाळी थोडा वेळ गेला की अंगातून कुणीतरी जीव काढून घेतल्यासारखं होतं बघ. इंजेक्शन तेच. औषधं तीच. मी सगळं तपासलं. आपला ब्रेड तोच आहे ना?"

जान्हवीची सुरी थांबली. सांगावं असं तिच्या जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोला. पण सांगितलं की आई आठ दिवस टोमणे मारणार, मृण्मयी पुन्हा डबा परत आणणार, शैलेशचा पट्टा पुन्हा बाहेर. आणि मैदा कमी झाल्याने साखरेच्या रोग्याचं वाईट कसं होईल? उलट चांगलंच. तिचं डोकं असं चाललं.

"तोच आहे, अप्पा," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. सुनेचा शब्द त्यांनी कधी उलटा फिरवून पाहिला नव्हता. "मग माझंच डोकं चाललंय," ते म्हणाले, आणि हळूहळू बाहेर जाऊन बसले.

शनिवारी सकाळी शैलेशने त्यांना एकट्याने बाहेर जायची बंदी केली. अप्पांच्या स्वाभिमानाला ते लागलं. अख्ख्या डेपोच्या गाड्या ज्याने सोडल्या त्याला चौकात जायला परवानगी? नाश्ता संपवला, चप्पल पायात घातली आणि सगळे आपापल्या कामात असताना ते निघाले. रागाच्या भरात टपरी ओलांडून लवळे गावाच्या चढावर चालत गेले, तसेच परत आले आणि बाकावर टेकले.

फोन आला तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. रामदासने त्यांना टेम्पोत घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं होतं. जान्हवी, शैलेश आणि आई पोचले तेव्हा तो कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होता. जान्हवीला पाहिल्यावर तो पुढे आला.

"ताई, आल्या आल्या त्येंनी च्या मागितला. घामानं भिजलेलं हुतं. पन म्या बिनसाखरंचाच दिला, तुमी सांगितल्यावानी. मग डोळं मिटून बसलं. मला वाटलं, चालून दमल्यात, झोपल्यात. गिऱ्हाईक लई हुतं ओ. हालवलं तवा उटंनात."

आपण ज्याला विष म्हणालो तेच ह्या माणसाने एकदा पाजून त्यांना जिवंत घरी आणलं होतं, हे अजून जान्हवीला पुरतं कळलंही नव्हतं.

डॉक्टर बाहेर आल्या. तरुण होत्या, थकलेल्या. "रक्तातली साखर अगदीच तळाला गेली होती. बराच वेळ तशीच होती. जीव वाचेल, पण मेंदूला किती इजा झालीय ते आत्ता सांगता येणार नाही. इन्सुलिन घेतात ना? डोस बदलला? जेवणाखाण्यात काही बदल?"

"काही नाही," आई ठामपणे म्हणाल्या. "सकाळचं सगळं माझ्या हातात असतं. तेवढंच इंजेक्शन, तेच दोन स्लाइस. एक दिवस चुकले नाही मी."

शैलेशने मान हलवली. आईंनी साक्षीसाठी जान्हवीकडे पाहिलं.

आता गप्प बसली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. पिशवी नांद्याच्या बेकरीची होती, सगळं अप्पांच्या वयावर गेलं असतं. पण ते शुद्धीवर आले की उद्या पुन्हा तेच इंजेक्शन, तोच नाश्ता. एवढं तिला त्या क्षणीही दिसलं.

"ब्रेड बदलला होता," ती म्हणाली. "मी बदलला. दीड महिना झाला. पिष्ट निम्म्याहून कमी आहे त्यात. जुन्या पिशवीत भरून ठेवत होते."

डॉक्टरांनी डोळे क्षणभर मिटले. "इंजेक्शन जुन्या ब्रेडवर बेतलेलं होतं. साखर करणारं पिष्ट घटलं आणि इंजेक्शन तेवढंच राहिलं," त्या म्हणाल्या. "सकाळचा घाम, भ्रम, चिडचिड होत होती का?"

शैलेश काहीतरी ओरडेल असं जान्हवीला वाटलं होतं. तो ओरडला नाही. त्याने खिशातला मोबाईल काढला, मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतल्याचा मेसेज उघडला आणि तो बघत राहिला. आई बाकावर बसल्या. उजव्या हाताचा अंगठा, ज्याने त्या सुईचा दट्ट्या दाबायच्या, तो त्यांनी डाव्या मुठीत धरला.

"म्हणजे रोज सकाळी मीच त्यांना," एवढंच त्या म्हणाल्या. वाक्य पुरं केलं नाही. जान्हवी त्यांच्यापाशी जाऊन बसली तशा त्या उठून दुसऱ्या बाकावर गेल्या.

अप्पा घरी आले ते दुसरेच अप्पा होते. एक पाय ओढत चालायचे. नातीला ओळखायचे, पण नाव सापडायचं नाही. तुळजापूर म्हटलं की नुसते हसायचे. इंजेक्शन द्यायला आता सकाळी नर्स येते. आई त्या वेळी गॅलरीत जाऊन उभ्या राहतात. स्वरदाचा ब्रेड बंद झाला. नांद्याच्या बेकरीचाच येतो, जान्हवी स्वतः जाऊन आणते, आणि पाकीट सगळ्यांसमोर टेबलावर फोडते.

इतकं सगळं पुसलं गेलं, पण एक वाक्य अप्पांच्या डोक्यात तेवढं राहिलं. बशी पुढे आली की रोज ते मान वर करून तिच्याकडे बघतात आणि जड जिभेने विचारतात, "ब्रेड तोच आहे ना?"

"तोच आहे, अप्पा," जान्हवी सांगते. आणि आता ते खरं असतं.

अप्पा खात नाहीत. ते आईंकडे बघतात. आई गॅलरीतून आत येतात, स्लाइस उचलतात, नाकाशी नेतात, कोपरा मोडून तोंडात टाकतात. मग मान डोलावतात, आणि अप्पा खायला लागतात.