बिनखुणेचे झगे

मालकीणबाई शाळेत तिसरीपर्यंत गेल्या होत्या आणि पुढे न गेल्याने शाळेचंच नुकसान झालं, असं त्यांचं ठाम मत होतं. चाळीस वर्षं त्यांनी धुलाईघर चालवलं. सदरा हातात घेतला की तो कोणाचा आणि त्या माणसाच्या अंगात किती आळस, हे त्या डोळे मिटून सांगत.

सून मात्र शिकलेली. इतकी, की हजारो वर्षांपूर्वीच्या संदेष्ट्यांचं लिखाण ती मूळ इब्री भाषेतून वाचायची. रविवारी चर्चमध्ये तिचा परीक्षेचा उपदेश होता. तिथल्या कारभाऱ्यांना पटला तर ती मंडळीची पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही तर पुन्हा आपली इस्त्री. आधीच्या दोन उमेदवारांना मोठ्या कारभाऱ्यांनी चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं होतं.

शनिवारी सकाळी सून सोड्याच्या हौदापाशी उपदेश घोकत होती. एका हातात कागद, दुसऱ्या हातात ढवळायचा दांडा. हौदात गायकमंडळींचे तेवीस पांढरे झगे. उपदेशाच्या वचनात संदेष्टा सांगतो, की येणारा प्रभू परटाच्या साबणासारखा असेल, मग त्याच्यापुढे टिकाव कोणाचा लागणार. एवढ्यावर सुनेने तीन पानं आग आणि दहशत लिहून काढली होती. कारभारी कडक, तेव्हा त्यांना कडकच रुचेल, असा तिचा कयास.

मालकीणबाईंनी निम्मं ऐकलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"त्या बाबाला धुणं कळत होतं," त्या म्हणाल्या. "तुला नाही कळत. टाकायचं कापड कोणी धुतं का गं? त्याचं पोतेरं होतं."

सून समजावायला लागली, की आई, मूळ शब्द साध्या साबणाचा नाही, जळजळीत खाराचा आहे. मालकीणबाईंनी दोन्ही पंजे तिच्या नाकासमोर धरले. नखं झिजलेली, बोटांची सालं निघालेली.

"मग बघ. खार आधी कोणाला खातो, कापडाला की धुणाऱ्याला?"

सुनेचा दांडा थांबला. त्या हातांचं जेवण ती सहा वर्षं जेवत होती, पण हात आज पहिल्यांदा वाचले.

दुपारी झगे पिळून दोरीवर गेले. मालकीणबाईंनी सवयीने पहिल्याचा काठ उलटला. दोरा नव्हता. दुसऱ्यालाही नव्हता. त्या घरचा नियम होता, आधी खूण मग पाणी. ज्याच्या त्याच्या रंगाचा दोरा काठाच्या आतून बांधल्याशिवाय कापड भिजवायचं नाही. उपदेशाच्या नादात सुनेने तेवीसच्या तेवीस झगे तसेच बुडवले होते. सगळे एकाच ताग्यातले. कोणता कोणाचा, देव जाणे.

"इब्री येतं, गाठ मारता येत नाही," मालकीणबाई कडाडल्या. चाळीस वर्षांत त्यांच्या घरून एक रुमालही चुकीच्या दारी गेला नव्हता.

रडायचं सोडून सून पालथ्या घमेल्यावर बसली आणि तिने विचारलं, की खूण आधीच का बांधायची?

"धुतल्यावर सगळी सारखीच दिसतात म्हणून. साबणाला काय ओळख? ओळख ठेवणारी मी."

सून टुणकन उठली. तोच संदेष्टा थोडं पुढे म्हणतो, की देवापाशी नावं लिहून ठेवली आहेत आणि ती माणसं त्याची आहेत. तिने तीन पानं उलटी केली आणि कोऱ्या बाजूने लिहायला घेतलं.

रविवारी गायकमंडळी उभी राहिली आणि बाकांवर खसखस पिकली. कोणाच्या बाह्या गुडघ्यापर्यंत, तर खर्जात गाणाऱ्या मोठ्या कारभाऱ्यांचा झगा पोटावरच अडलेला. मालकीणबाईंनी स्वतः वेगळा धुऊन दिलेला उपदेशाचा झगा घालून सून पुढे आली आणि तिने सुरुवातीलाच चूक कबूल केली. मग दहशतीचं नावही न काढता ती हातांबद्दल बोलली. धुणारा आधी आपले हात सोलून घेतो, आणि पाण्यात घालण्याआधी खूण बांधतो, म्हणजे कोणी हरवू नये. "प्रभू येण्याचा तो दिवस उगवेल तेव्हा आपण घाबरायचं ते कशाला?" तिने विचारलं. "आपल्याला धुवायला काढलंय, टाकायला नाही." मोठे कारभारी इतके मोकळे हसले, की पोटावरचं बटण तुटून पहिल्या बाकावर पडलं.

मालकीणबाईंनी ते उचलून कमरेला खोचलं. डोळे पुसले ते मात्र सोडा गेला म्हणून.

नंतर मोठे कारभारी तोंड गंभीर करून त्यांच्याकडे आले. "उपदेश पटला. सूनबाईंना ठेवलं. आता त्या आमच्या."

"तुमची म्हणा हवं तर," मालकीणबाई म्हणाल्या. "पण तिच्या झग्याचा काठ उलटून बघा आधी."

सुनेनेच वाकून बघितला. आत आपल्या घरचा लाल दोरा होता, दोन गाठींचा.