विहिरीतली हवा

रत्नमाला मेडशीच्या शेतात पोचली तेव्हा तिचा नवरा धम्मरत्न कमरेला दोर बांधत होता. एप्रिल संपत आला होता, रविवारची सकाळ. सासऱ्यांची, म्हणजे पंजाबरावांची जुनी विहीर सहा वर्षं फळ्या टाकून बंद होती. बोअर आटला म्हणून तिचा गाळ उपसायचं ठरलं होतं आणि शाळेला सुट्टी असल्याने रत्नमाला सगळ्यांची न्याहारी घेऊन आली होती.

गावातला किशन आधी उतरला होता. चाळीस फुटांवर तळाशी पोचल्यावर त्याने कमरेचा दोर सोडला आणि घमेलं मागितलं. घमेलं खाली जाईपर्यंत तो मटकन बसला, मग गाळात आडवा झाला. पंजाबराव काठावर वाकून हाका मारत होते. खालून ओ येत नव्हती.

रत्नमालेने डबा खाली ठेवला आणि धम्मरत्नचा दोर दोन्ही हातांनी धरला.

"तुमी उतरू नका."

"तो खाली पडून हाय. सोड."

माळेगावच्या शाळेत ती नववीला विज्ञान शिकवायची. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात रॉबर्ट बॉइलने काचेच्या भांड्यातली हवा पंपाने खेचून काढली होती. आतली मेणबत्ती विझली आणि आत ठेवलेला पक्षी तडफडून मेला. ज्योतीला लागतं तेच जिवालाही लागतं, हे तेव्हा माणसांच्या ध्यानात यायला लागलं. दरवर्षी हे सांगताना एखादी मुलगी पक्ष्याबद्दल विचारायची आणि रत्नमाला घाईने पान उलटायची. आज विहिरीत डोकावल्यावर तिला ते काचेचं भांडं दिसलं.

शेतातल्या खोलीत जयंतीच्या उरलेल्या मेणबत्त्या होत्या. तिने सासऱ्यांना त्या आणायला लावलं, पण स्वतः दोर सोडला नाही. दोरावर पाय दाबून तिने एक मेणबत्ती बादलीत उभी करून पेटवली आणि बादली हळूहळू खाली सोडली. दहा फूट, वीस फूट ज्योत सरळ होती. तिसाच्या आसपास ती बारीक झाली आणि गेली. वारा नव्हता. वर धूरही आला नाही.

पंजाबराव मागे सरकले. धम्मरत्न मात्र ऐकेना. तो किशनसोबत पहिलीपासून शिकलेला.

"तो मरून राह्यला अन् तू मेणबत्त्या लावून राह्यली?"

"तुमी उतरले का तुमीबी तसेच पडसान. मंग तुमाले काढाले तिसरा उतरन."

तिने दोराचं टोक विहिरीच्या काठावरच्या कडुलिंबाच्या बुंध्याला गुंडाळलं आणि त्यावर बसली. आपण चुकत असलो तर? ज्योत पाण्याच्या थेंबाने विझली असली तर? किशनचा हात गाळातून बाहेर आलेला दिसत होता आणि एकदा तिला तो हलल्यासारखा वाटला. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धम्मरत्न दोराविनाच उतरला असता.

शेजारच्या शेतात मंगरूळपीरचा हबीब नव्या विहिरीत सुरुंगाची भोकं पाडत होता. त्याच्या ट्रॅक्टरला हवेचा कॉम्प्रेसर होता. पंजाबरावांनी रुग्णवाहिकेला फोन लावला आणि ते तिकडे धावत गेले. बांध ओलांडून ट्रॅक्टर यायला दहा-बारा मिनिटं लागली आणि तेवढा वेळ धम्मरत्न बायकोकडे पाठ करून काठावर उभा राहिला. हबीबने काही न विचारता नळी तळापर्यंत सोडली आणि हवा चालू केली. विहिरीतून कुजका, उबट वास वर आला.

रत्नमालेने दुसरी मेणबत्ती सोडली. तिसावर ती फडफडली आणि विझली. हबीबने नळी फिरवली. रत्नमालेने थोडा वेळ जाऊ दिला. तिसरी मेणबत्ती तळापर्यंत जळत गेली, तेव्हा ती दोरावरून उठली.

धम्मरत्न उतरला. त्याने किशनला दोर बांधला, वरच्या तिघांनी ओढला. तोवर रुग्णवाहिका आली होती. किशन गेलेला होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की अशा हवेत माणूस काही मिनिटांतच जातो, आणि धम्मरत्न उतरला असता तर दोन मयती झाल्या असत्या. धम्मरत्नने हे ऐकून घेतलं. घरी आल्यावर त्याने हात तीन-तीनदा धुतले आणि जेवण सोडलं.

चौथ्या दिवशी रत्नमाला किशनच्या आईकडे गेली. सोजरबाई दारातच बसली होती. तिने रत्नमालेला जवळ बसवलं आणि रडणं थांबवून विचारलं, "तू धम्माले अडवलं तवा माहा किशन जिता होता का?"

डॉक्टरांचं म्हणणं सांगता आलं असतं. रत्नमालेला तो हात आठवला.

"मले माहीत नाही, मावशी. मले त्याचा हात हलल्यावानी वाटला होता."

सोजरबाई उठून आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. रत्नमाला ऊन उतरेपर्यंत तिथेच, ओसरीवर बसून राहिली. शेवटी धम्मरत्न तिला न्यायला आला.